अखंड भजनालाही पहारे असतात

चवथीला आमच्या गोव्यातल्या घरी तीस-पस्तीस माणसं जमतात. माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधायला पुण्याहून दीर येतात, मडगावहून नणंद येते, भाचे-पुतणे येतात, घर पाच दिवस भरून जातं. तीन वर्षांपूर्वीच्या चवथीत आरती आटोपल्यावर नणंदेने सगळ्यांदेखत माझा हात धरला आणि म्हणाली, "वयनी, तू आहेस म्हणून मांय आहे. तुझ्यासारखी तूच." सगळ्यांनी माना डोलावल्या. जावेने कुंकू लावून मला साडी दिली. त्या रात्री दोन वाजता मांय उठली आणि पुढच्या दाराची कडी काढू लागली. तिला धरून परत खोलीत न्यायला मी उठले. घरात तेव्हा बावीस माणसं झोपली होती.

मांय म्हणजे माझी सासू. तिला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होऊन आता सहा वर्षं झाली. वरचा प्रसंग मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही. त्या बावीस जणांतल्या प्रत्येकाचा मांयवर जीव आहे आणि नणंदेचे शब्द मनापासूनचे होते. पण तोंडभर कौतुक केलं की आपण कामात हातभार लावला असं माणसाला वाटू लागतं. ज्याचं कौतुक झालं त्याला मग "मला जमत नाही" असं म्हणायची सोय उरत नाही. साडी मी नेसले. पुढे दोन वर्षं कोणाला काही बोलले नाही.

घरच्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांसाठी सल्ल्यांचा तोटा नाही. मन खंबीर ठेव, प्राणायाम कर, सकारात्मक राहा, स्वतःसाठी रोज थोडा वेळ काढ. मी यातलं बरंच करून पाहिलं आणि काही उपयोगीही पडलं. पण "वेळ काढ" म्हणणारं माणूस त्या वेळात मांयजवळ कोण बसणार, हे सांगत नाही. या सगळ्या सल्ल्यांमागे एक समजूत असते, की तग धरायची ताकद माणसाच्या आत असते आणि कमी पडली तर त्याने ती आतूनच वाढवायची. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी आपल्या राज्यात घरोघरी बायका आणि काही पुरुषही मोडून पडत आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

श्रावणात वास्कोला दामोदराचा सप्ताह होतो. साथीच्या काळात लोकांनी देवाला घातलेल्या साकड्यातून तो सुरू झाला, असं जुनी माणसं सांगतात. देवापुढे श्रीफळ ठेवलं की चोवीस तास भजन अखंड चालतं, एक क्षणही थांबत नाही. पण म्हणून कोणी एकटा चोवीस तास गात नाही. एक पथक उठायच्या आत दुसरं बसतं. आमच्या गावच्या सप्ताहातही वाड्यावाड्याला पहारे वाटून दिलेले असतात. पहाटे तीन ते पाच हा सगळ्यांना नकोसा वाटणारा पहारा कोणाचा, हे आधीच कागदावर लिहिलेलं असतं. तो पहारा चुकवणं ही गावात नामुष्की मानतात. देवापुढच्या भजनासाठी आपण ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या नीट सांभाळली. माणसाच्या उशाशी मात्र एकाच गळ्याला अखंड गायला बसवलं.

आजाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाहेरून तो दिसत नाही. सुरुवातीला मांय पेजेत दोनदा मीठ घालायची. आम्ही वयावर ढकललं. मग ती देवपूजा करून उठायची आणि पुन्हा पूजेला बसायची. मग संध्याकाळी दिवे लागले की तिला घरी जायचं असायचं. ती बसलेली असायची ते घर तिच्या लग्नानंतरचं, पासष्ट वर्षांचं. तिला जायचं असायचं डिचोलीकडच्या माहेरी, जिथे आता तिच्या ओळखीचं कोणी उरलेलं नाही. संध्याकाळची ही बेचैनी या आजारात अनेकांना होते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी वाद घालायचे. "मांय, हेच तुझं घर." ती आणखी चिडायची. एकदा ती भर पावसात अंगणापलीकडे निघाली तेव्हा मी तिचा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. सकाळी आंघोळ घालताना ते वळ दिसले. तिला काही आठवत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहून हसून विचारलं, "तू कोणाची गो?" त्या दिवशी न्हाणीघराचं दार लावून मी जे रडले ते अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं.

आता सांगते, कारण वर्षानुवर्षं असं एकटं राबणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात असा एक दिवस असतो. तो दिवस येतो तो माणूस वाईट म्हणून नव्हे. त्याने सलग कित्येक महिने चार तासांपेक्षा जास्त झोप घेतलेली नसते, म्हणून तो येतो. आम्ही मांयला किती वेळा डॉक्टरांकडे नेलं असेल. तिचा रक्तदाब तपासला, गोळ्या बदलल्या, वजन लिहून घेतलं. तिला धरून शेजारी बसलेल्या बाईला "तुम्ही झोपता का?" असं एकदाही कोणी विचारलं नाही.

हा प्रश्न विचारला तर काय होतं, याचं उत्तर आपल्याच गोव्यात मिळालेलं आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश या तालुक्यांत, डिमेन्शियाचा रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांबरोबर एक अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. बारावीपर्यंत शिकलेल्या, इथलीच भाषा बोलणाऱ्या माणसांना आठवडाभराचं प्रशिक्षण दिलं आणि पंधरवड्यातून निदान एकदा असं सहा महिने घरोघरी पाठवलं. त्यांनी आजार समजावून सांगितला, रुग्ण चिडला-भटकला तर काय करायचं ते दाखवलं, सरकारी योजनांची माहिती दिली, एका घराची दुसऱ्या घराशी ओळख करून दिली. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञांची मदत होतीच. काही कुटुंबांना ही मदत लगेच मिळाली, बाकीच्यांना सहा महिन्यांनी, म्हणजे तुलना करता आली. रुग्णांच्या वागण्यात खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही. फरक पडला तो त्यांना सांभाळणाऱ्यांमध्ये. त्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, त्रास हलका झाला.

मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. आजार तोच, घर तेच, रात्री त्याच, तरी माणूस सावरलं. त्यासाठी लागलं काय? महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही. पंधरवड्यातून दाराशी येणारं, विचारपूस करणारं आणि कामाचं काही शिकवणारं एक माणूस. मग इतक्या वर्षांत ही सोय प्रत्येक आरोग्य केंद्रातून का सुरू झाली नाही? तसं झालं असतं तर "संध्याकाळी वाद घालू नका, तिच्याशी माहेराबद्दल बोला" हे एक वाक्य मला वळ उमटायच्या आधी कळलं असतं.

गोव्याला या प्रश्नाकडे पाठ फिरवून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत साठीपुढची माणसं ८.६ टक्के होती. गोव्यात ती ११.२ टक्के होती, फक्त केरळ आपल्या पुढे होतं. आता हे प्रमाण वाढलेलंच असणार. वाड्यावर फिरून पाहा. चार खोल्यांच्या घरात एक म्हातारं जोडपं, मुलगा आखातात नाहीतर जहाजावर, मुलगी बंगळूरला. जिथे कोणी मागे राहिलं आहे तिथे सगळा भार त्या एकावर. बहुतेक तो एकीवर असतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरच्या माणसांची बिनपगारी देखभाल करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात जात होते, पुरुषांचे ७६. स्वयंपाक-धुणीभांड्यांसारख्या घरकामात बायकांची २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. आणि झोपेतही कडीच्या आवाजाकडे कान ठेवणं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

वारसाहक्काच्या बाबतीत आपण गोंयकार अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून इथे मुलगा-मुलगी समान वारस आहेत. आईवडिलांना मनात आलं म्हणून सगळं एकाच्या नावावर करता येत नाही, अर्धा वाटा वारसांसाठी राखीव असतो. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांच्या वाटणीचा, दावा लागला की भाटातले माड, घराची खोली न्‌ खोली, दागिन्याचा तोळा न्‌ तोळा यादीत येतो, आणि सगळ्यांना समान हिस्सा मिळतो. मला त्या समानतेबद्दल तक्रार नाही. पण आईच्या जमिनीचे समान वाटे करणाऱ्या कुटुंबाला आईच्या रात्रींचे वाटे करावेसे का वाटत नाहीत? कायदा आपल्याला मालमत्ता मोजायला शिकवतो. रात्री मोजायला आपण स्वतःच शिकलो पाहिजे, आणि माणूस हयात असताना.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना महिन्याला २००० रुपये मिळतात, मांयलाही मिळतात. गृह आधार योजनेत गृहिणींना १५०० रुपये आहेत. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड इस्पितळातल्या उपचारांना उपयोगी पडतं. पण मांय इस्पितळात नाही, घरी आहे, आणि पुढेही घरीच राहणार. चोवीस तासांची बाई ठेवायची म्हणून आम्ही चौकशी केली तेव्हा महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास आकडा सांगितला. पेन्शनवर चालणाऱ्या घराला हे कसं परवडावं?

कायदे तर आहेतच. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा म्हाताऱ्या आईबापांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास सांगतो. टाकणाऱ्याला शिक्षा व्हावी हे बरोबर. पण जे टाकत नाहीत त्यांच्यासाठी त्या कायद्यात काय आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र देखभाल करणाऱ्याची व्याख्या आहे, तीत पगार घेऊन काळजी घेणारे येतात तसे आईवडील आणि घरची माणसंही येतात. जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी देखभाल भत्त्याचा उल्लेखही आहे, सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. म्हणजे दिल्लीच्या कागदावर आम्ही आहोत. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची रजा मिळते. ती मिळालीच पाहिजे. मग अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी तशी वेगळी रजा का नको? बाळाला सांभाळायला रजा लागते हे समाजाला पटलं, आईला सांभाळायलाही ती लागते हे पटवून द्यायचं काम अजून बाकी आहे.

केरळने २००८ साली परिहार सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाचा त्रास हलका करण्याचं (पॅलिएटिव्ह केअर), धोरण केलं आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी जाऊन पाहण्याचं काम पंचायतींपर्यंत नेलं. त्याआधी कितीतरी वर्षं तिथले स्वयंसेवक गल्लीगल्लीत हे करतच होते. गोवा आकाराने केरळपेक्षा किती लहान! आपल्याकडे १९१ पंचायती आहेत. प्रत्येक पंचायतीत अशी एक-दोन प्रशिक्षित माणसं नेमणं या राज्याला अशक्य आहे, यावर माझा विश्वास बसत नाही. दुसरी गरज आहे ती दिवसभराच्या केंद्राची, जिथे आठवड्यातून दोन दिवस सकाळी आपल्या माणसाला सोडता येईल आणि दुपारनंतर घरी आणता येईल. आणि वर्षातून निदान आठ-दहा दिवस त्याला सुरक्षित ठेवून घेणारी एक जागा हवी, सांभाळणाऱ्याला ताप आला, ऑपरेशन झालं, घरात लग्नकार्य निघालं तर.

जागा कुठून आणायची असं विचारतात. मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. माझी शाळा पटसंख्येअभावी बंद पडली. अशा शाळा गावोगावी कुलपं लावून उभ्या आहेत. ओसरी आहे, विहीर किंवा नळ आहे, संडास आहेत, अंगणात सावलीचं झाड आहे. माझ्या शाळेच्या भिंतीवरची बाराखडी अजून पुसलेली नाही. मुलं नाहीत म्हणून जी इमारत बंद झाली ती म्हाताऱ्या माणसांसाठी उघडायला काय हरकत आहे? गावाला त्यांचीच तर संख्या वाढलेली आहे.

या मागणीवर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो घेणारी माणसं चांगली आहेत म्हणून त्याचं नीट उत्तर द्यायला हवं. ती म्हणतात, सेवा हा आपला संस्कार आहे. सरकारी माणूस घरात आला, भत्ता सुरू झाला, की माया आटेल आणि पुढची पायरी वृद्धाश्रमाची. ही भीती मलाही होती. परकी बाई मांयला हात लावणार, तिच्या खोलीत वावरणार, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती.

मग एक दिवस पलीकडच्या वाड्यावरची एक बाई आली. तिने स्वतःच्या सासऱ्यांना आठ वर्षं सांभाळलं होतं. तिने माझं कौतुक केलं नाही, देव तुला बळ देवो म्हणाली नाही. म्हणाली, "दर गुरुवारी तीन ते पाच मी बसणार. तू इथे थांबायचं नाहीस." पहिल्या गुरुवारी मी देवळाच्या तळीवर जाऊन पायरीवर नुसती बसून राहिले. चौथ्या की पाचव्या गुरुवारी परत आले तेव्हा खोलीतून टाळ्यांचा आवाज येत होता. दोघी धालोंची गाणी म्हणत होत्या. पौषात मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, बायका म्हणतात ती. स्वतःच्या मुलाचं नाव न आठवणारी मांय एकामागून एक कडवी सांगत होती, आणि ती बाई चुकली की तिला थांबवत होती. मांयला ही गाणी अजून येतात हे मला माहीतच नव्हतं. माहीत असणार कसं? कित्येक महिने मी तिच्याकडे माणूस म्हणून पाहिलंच नव्हतं. डायपर, गोळ्या, पेज, कडी, एवढंच दिसत होतं. दोन तासांच्या विसाव्याने माझी माया आटली नाही. ती कुठे तरी खाली दडपून गेली होती, ती वर आली. आता संध्याकाळी मांय माहेरी जायचं म्हणाली की मी तिला तिथल्या मांडाबद्दल विचारते. ती गाते. पुष्कळदा त्यातच जेवणाची वेळ होते.

त्या गुरुवारांनी आणखी एक केलं. मी नवऱ्याशी बोलू शकले. मुलाने आईला न्हाऊ घालणं बरं दिसत नाही असं त्यालाही वाटायचं, मांयलाही वाटायचं. न्हाऊ घालणं माझ्याकडेच राहिलं, पण शनिवारची रात्र त्याने घेतली. पहिल्या रविवारी सकाळी त्याचे डोळे लाल होते. "तू हे रोज करतेस?" एवढंच म्हणाला. पुढे नणंदेलाही सांगितलं, या चवथीला साडी नको, दोन रात्री दे. ती जराशी दुखावली. पण तिने त्या दिल्या.

आमचं भागलं ते एका बाईच्या समजूतदारपणावर. ज्या घराजवळ अशी शेजारीण नाही तिथल्या सुनेने काय करायचं? नशिबावर सोडण्याइतकी ही गोष्ट लहान नाही. म्हणून मागच्या ग्रामसभेत मी उठले. कचरा, रस्ता, नळाचं पाणी हे विषय झाल्यावर बंद शाळा आठवड्यातून दोन दिवस उघडून द्या, असं बोलले. सभेत थोडा वेळ कोणी काही म्हणालं नाही. मग सरपंचांनी लिहून द्यायला सांगितलं. मी लिहूनच नेलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर तिघी माझी वाट पाहत होत्या. एकीच्या आईला अर्धांगवायू, एकीचा नवरा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला, एकीचा मुलगा जन्मापासून अंथरुणात, आता तेवीस वर्षांचा. तिसरी म्हणाली, "शाळा उघडेल तेव्हा उघडेल. तुमच्याकडे सोमवारी मी येते, माझ्याकडे बुधवारी तुम्ही याल?" मी सभेच्या नोटिशीचा कागद उलटा केला. आम्ही चौघींनी त्यावर वार आणि वेळ लिहायला घेतली.